हौशी ड्रोनसाठी घरगुती फिरता कॅमेरा माउंट: मोजमापापासून पहिल्या उड्डाणापर्यंत

फिरता माउंट करायचा ठरला की बहुतेक जण आधी सर्व्हो (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणारी छोटी मोटर) मागवतात आणि मग त्याच्याभोवती चौकट रचत बसतात. क्रम उलटा हवा. आधी कॅमेरा मोजायचा, त्याचा गुरुत्वमध्य शोधायचा, तो फिरण्याच्या अक्षावर येईल अशी चौकट आखायची, आणि मग उरलेल्या कामाला पुरेल तेवढा सर्व्हो निवडायचा. असं केलं तर ९ ग्रॅमचा साधा सर्व्होही व्यवस्थित काम करतो. नाही केलं तर तिप्पट ताकदीचा सर्व्हो लावूनही चित्र थरथरतंच.

इथे डोळ्यांसमोर आहे तो ५ ते ७ इंची प्रोपेलरच्या क्वाडकॉप्टरवर (चार प्रोपेलरच्या ड्रोनवर) बसणारा माउंट. कॅमेरा २० ते ४० ग्रॅमचा, वर-खाली फिरवायला एक सर्व्हो आणि डावी-उजवीकडे फिरवायला दुसरा. यापेक्षा जड कॅमेऱ्याला हीच तत्त्वं लागू होतात, आकडे मात्र पुन्हा काढावे लागतात.

किती अक्ष हवेत?

वर-खाली म्हणजे टिल्ट, डावी-उजवीकडे म्हणजे पॅन, आणि क्षितिज तिरपं होऊ नये म्हणून लागतो तो रोल. नवख्याला तिन्ही हवे असतात. पण क्वाडकॉप्टर जागच्या जागी स्वतःभोवती फिरू शकतो, म्हणजे पॅन त्याच्याकडे आधीच आहे. वेगळा पॅन तीनच वेळा कामाचा ठरतो: एका दिशेने उडताना दुसरीकडे बघायचं असेल तेव्हा, गॉगलच्या हेड ट्रॅकरने (डोकं किती वळलं ते ओळखणाऱ्या यंत्राने) कॅमेरा हलवायचा असेल तेव्हा, किंवा उडवणारा एक आणि कॅमेरा सांभाळणारा दुसरा असेल तेव्हा. पहिला माउंट फक्त टिल्टचा करा. त्याच्या वरच्या पट्टीत पॅनसाठी छिद्रं ठेवलीत की नंतर दुसरा अक्ष जोडता येतो. वजन, वायरी आणि बिघाडाच्या जागा या तिन्हींत एका अक्षाचा फरक बराच पडतो.

सर्व्होकडून काय मिळणार नाही तेही आधीच समजून घ्या. स्वस्त सर्व्होला 'डेड बँड' असतो, म्हणजे सिग्नल एवढा-एवढा बदलल्याशिवाय तो हलतच नाही. सर्व्होचा सिग्नल म्हणजे विजेचे ठोके, आणि ठोक्याच्या लांबीवरून कोन ठरतो. हा पट्टा १० मायक्रोसेकंदांचा धरला आणि १००० मायक्रोसेकंदांच्या बदलात सर्व्हो साधारण ९०° फिरतो असं धरलं, तर सर्वात लहान पाऊल जवळपास ०.९° होतं. नजर फिरवायला, छप्पर किंवा झाडाचा शेंडा न्याहाळायला, खाली बघत उतरायला हे पुरेसं आहे. पण ड्रोन हलत असताना चित्र लोण्यासारखं स्थिर ठेवायचं असेल तर ब्रशलेस मोटरचा गिंबल (कॅमेरा सतत स्थिर धरणारी यंत्रणा) लागतो. सर्व्होच्या माउंटकडून ती अपेक्षा ठेवू नका.

मोजमाप

कॅमेरा वजनकाट्यावर ठेवा, पण एकटा नको. लेन्स, बाजूचे स्क्रू, आणि त्याच्यासोबत फिरणारा केबलचा तुकडा असं सगळं मिळून वजन घ्या. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला तर उत्तम.

गुरुत्वमध्य शोधायला कॅमेऱ्याच्या एका कोपऱ्याला चिकटपट्टीने दोरा लावून तो लटकवा. दोरा जिथून खाली गेला असता ती उभी रेघ कॅमेऱ्याच्या बाजूवर पेन्सिलने आखा. मग दुसऱ्या कोपऱ्यातून लटकवून दुसरी रेघ आखा. दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे बाजूने पाहिलेला गुरुत्वमध्य असतो. हीच कृती समोरच्या बाजूनेही करा. काचेच्या मोठ्या लेन्समुळे हा बिंदू डब्याच्या मधोमध नसतो, बऱ्याचदा पुढे सरकलेला असतो. कॅमेऱ्याच्या बाजूला कंपनीने दिलेली स्क्रूची छिद्रं या बिंदूवर असतीलच असंही नाही. म्हणून कॅमेरा थेट त्या छिद्रांवर फिरवण्यापेक्षा तो एका लहान पाळण्यात बसवा आणि पाळण्याला योग्य जागी फिरवा.

आता फिरताना कॅमेरा किती जागा व्यापतो ते काढा. अक्षापासून सर्वात दूरचा कोपरा बघा. समजा तो १५ मिमी वर आणि १८ मिमी पुढे आहे, तर अंतर येतं सुमारे २३.५ मिमी. केबलचं डोकं आणि कंपामुळे होणारी हालचाल धरून त्यात किमान ४ मिमी मिळवा. म्हणजे अक्षापासून २८ मिमीच्या आत ना चौकट, ना बॅटरीचा पट्टा, ना प्रोपेलर असावा. हे वर्तुळ कागदावर काढून कापा आणि प्रत्यक्ष ड्रोनवर धरून बघा. संगणकावरच्या आराखड्यात बॅटरीची लोंबणारी वायर दिसत नाही.

मग टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. ३० ग्रॅमचा कॅमेरा आणि त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून ३ सेंमी दूर असेल, तर स्थिर अवस्थेत ०.०३ × ३ म्हणजे ०.०९ किग्रॅ-सेंमी टॉर्क लागतो. ड्रोन झटक्यात वळतो, आपटत उतरतो, म्हणून तिप्पट धरा: ०.२७. एसजी९० जातीच्या सर्व्होचा थांबवणारा टॉर्क (ज्या भाराला तो फिरायचा थांबतो) ४.८ व्होल्टवर सुमारे १.८ किग्रॅ-सेंमी असतो. त्याच्या पाव ते एक-तृतीयांशापर्यंतच रोजचं काम द्यावं, म्हणजे हिशेब बसतो. तेच १५० ग्रॅमच्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्याला ३.५ सेंमी अंतरावर टांगलं तर ०.५२५, आणि तिप्पट केल्यावर १.५७. इथे सर्व्हो सतत गुरगुरतो, तापतो आणि काही उड्डाणांत दाते सोडतो. इलाज मोठा सर्व्हो नाही, कॅमेरा अक्षावर आणणं हा आहे.

सामान

- एमजी९०एस जातीचे धातूच्या दात्यांचे सर्व्हो २, प्रत्येकी सुमारे १३.५ ग्रॅम. फक्त टिल्ट असेल आणि कॅमेरा २० ग्रॅमच्या आत असेल तर प्लास्टिकच्या दात्यांचा एसजी९० चालतो.
- ६२३झेडझेड बेअरिंग १ (आतून ३, बाहेरून १०, जाडी ४ मिमी), टिल्टच्या दुसऱ्या बाजूसाठी.
- ६७०५ बेअरिंग १ (२५ × ३२ × ४ मिमी), पॅनसाठी.
- एम३ × १२ स्क्रू १, एम३ नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, कंपाने न सुटणारा) १, एम२ × ८ स्क्रू १० ते १२, एम२ नट तेवढेच.
- सिलिकॉनचे डॅम्पर बॉल ४, आणि ते निसटू नयेत म्हणून बारीक झिप टाय २.
- ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा वेगळा बेक (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारं सर्किट).
- ४७० मायक्रोफॅरड, १० किंवा १६ व्होल्टचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर १.
- सिलिकॉन आवरणाची २६ गेजची वायर, आकसणारी नळी, फेराइट रिंग १.
- छपाईसाठी पीईटीजी. ३डी प्रिंटर नसेल तर २ मिमी जाडीची ग्लास-फायबर शीट किंवा १ मिमी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी.

पीएलए टाळा. ते ६०° सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं, आणि उन्हात ठेवलेल्या ड्रोनवर किंवा बंद गाडीत सर्व्होच्या खाचेचा आकार बिघडायला तेवढं पुरतं. टीपीयू लवचिक असल्याने भुजांसाठी वापरू नका. त्याची जागा फार तर कॅमेऱ्याभोवतीच्या संरक्षक कडीत.

सगळं मिळून दोन अक्षांचा माउंट ७० ते ८० ग्रॅमचा होतो आणि कॅमेऱ्यासकट १०० ते १२०. एकूण उड्डाण-वजनाच्या १५ टक्क्यांवर हा आकडा गेला तर पॅन काढून टाका.

चौकट आखताना

टिल्टची चौकट इंग्रजी यू अक्षरासारखी असते. एका भुजेत सर्व्हो, दुसऱ्या भुजेत बेअरिंग, मधे पाळणा. पाळणा फक्त सर्व्होच्या शाफ्टवर एका बाजूने टांगलेले बरेच आराखडे दिसतात. वजन वाचतं हे खरं, पण सर्व्होच्या आतलं बुशिंग असा आडवा भार घ्यायला बनवलेलं नसतं. थोड्याच दिवसांत शाफ्ट डुलायला लागतो आणि कॅमेऱ्याचं टोक मिलिमीटरभर हलतं. दुसऱ्या बाजूला ६२३ बेअरिंग आणि त्यातून जाणारा एम३ स्क्रू दिला की सर्व्होवर फक्त फिरवण्याचं काम उरतं.

सर्व्होचा शाफ्ट आणि बेअरिंगचं केंद्र एका रेषेत असलेच पाहिजेत. इथली अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे फिरताना मधेच अडकणारा पाळणा. त्यामुळे यूच्या दोन्ही भुजा एकाच तुकड्यात छापा, किंवा शीट वापरत असाल तर दोन्ही भुजा एकमेकींवर ठेवून एकाच वेळी छिद्र पाडा.

छपाईत छिद्रं थोडी लहान येतात. १० मिमीच्या बेअरिंगसाठी १०.१ ते १०.२ मिमीची खाच द्या (खाच उभी छापली जात असेल तर खाली सांगितल्याप्रमाणे लहान), सर्व्होच्या खाचेला प्रत्येक बाजूने ०.२ ते ०.३ मिमी जास्त. तुमच्याकडचा सर्व्हो व्हर्नियरने मोजा, कारण एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या सर्व्होंच्या मापात अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे असतो. पूर्ण चौकट छापण्याआधी फक्त खाचेचा ५ मिमी जाडीचा तुकडा छापून बघा. एम२ स्क्रू प्लास्टिकमध्येच आटे पाडून बसवायचा असेल तर छिद्र १.६ ते १.७ मिमी ठेवा.

भुजा कमीत कमी ३ मिमी जाड, बाहेरच्या भिंती चार, भराव ४० टक्के, थर ०.२ मिमी. महत्त्वाचं म्हणजे छापताना भुजा आडवी झोपलेली हवी. उभी छापली तर थर भुजेला आडवे येतात आणि पहिल्याच आपटीत ती मुळाशी, थरांच्या सांध्यावर तुटते. यू एकसंध असल्यामुळे तो कुशीवर झोपवून छापायचा, म्हणजे भुजा आणि तळ दोन्हींमध्ये थर लांबीच्या दिशेने धावतात. बेअरिंगची खाच मग उभी येते आणि किंचित अंडाकार होते, तिथे ९.८ मिमीचं छिद्र छापून हाताने रीमर किंवा ड्रिल बिट फिरवून नेमकं करा. भुजा आणि तळ जिथे मिळतात तिथे ४ मिमी त्रिज्येची गोलाई द्या.

पॅनसाठी ६७०५ सारखं मोठ्या भोकाचं बेअरिंग घेण्यामागे कारण आहे: त्याच्या मधल्या २५ मिमीतून सर्व्होचं हॉर्न (शाफ्टवर बसणारी पट्टी) आणि केबल दोन्ही जातात, आणि खाली टांगलेलं सगळं वजन बेअरिंगच्या कड्यावर येतं. पॅनच्या सर्व्होला वजन दिसतच नाही. इथे ड्रोन सपाट असताना टॉर्क जवळजवळ शून्य लागतो. पण पुढे उडताना ड्रोन ३०° झुकला की अक्षापासून बाजूला असलेलं वजन पॅनलाही ओढू लागतं, म्हणून टिल्टची संपूर्ण चौकट, कॅमेरा आणि त्यावरचा सर्व्हो मिळून होणारा गुरुत्वमध्य पॅनच्या अक्षाखाली आणा. टिल्टचा सर्व्हो एका बाजूला असल्याने तो तसा आपोआप येत नाही. यू २ ते ४ मिमी दुसऱ्या बाजूला सरकवावा लागतो.

आता एक विरोधाभास. कॅमेरा अगदी तंतोतंत अक्षावर तोलला तर तो सर्व्होच्या दात्यांमधल्या प्लेमध्ये (ढिलेपणात) मोकळा राहतो आणि कंपाबरोबर खडखडतो. म्हणून टिल्टमध्ये गुरुत्वमध्य जाणूनबुजून १ मिमी पुढे ठेवा, म्हणजे दाते नेहमी एकाच बाजूला टेकलेले राहतात. कॅमेरा सरळ खाली बघायला लागला की हा उपाय कमकुवत होतो. तिथे पाळण्याच्या मागून चौकटीपर्यंत एक हलकी स्प्रिंग किंवा पातळ रबर बँड लावा. ताण इतकाच असावा की सर्व्होची वीज बंद असताना कॅमेरा स्वतःहून फिरू नये, फक्त प्ले संपावा.

९०° ची हालचाल नको असेल, वर ३०° आणि खाली ३०° पुरत असेल, तर थेट शाफ्टवर फिरवण्यापेक्षा काडीची जोडणी चांगली. सर्व्होची भुजा ९ मिमी, पाळण्याची भुजा १४ मिमी ठेवली तर सर्व्हो मधल्या स्थानापासून ५०° फिरल्यावर कॅमेरा जवळपास ३०° फिरतो. डेड बँड आणि दात्यांचा प्ले दोन्ही त्या प्रमाणात कमी होऊन कॅमेऱ्यापर्यंत पोचतात, टॉर्क वाढतो. काडीच्या टोकांचा स्वतःचा ढिलेपणा मात्र यात मिसळतो, म्हणून १ मिमी तारेला १ मिमीचंच छिद्र हवं.

जोडणी

१. सर्व्होला हॉर्न लावण्याआधी त्याला १५०० मायक्रोसेकंदांचा सिग्नल देऊन मध्यावर आणा. यासाठी साधा सर्व्हो टेस्टर पुरतो. हाताने शाफ्ट फिरवून अंदाजाने मधला बिंदू पकडू नका. दात्यांनाही ते बरं नाही.

२. कॅमेरा ज्या स्थितीत मधला मानायचा तिथे पाळणा धरून हॉर्न बसवा. शाफ्टला २१ दाते असतील तर हॉर्न १७° च्या टप्प्यांनीच बसतो, त्यामुळे तो थोडा तिरपा राहतो. चार हातांचं हॉर्न असेल तर चारही हात आळीपाळीने करून बघा: २१ ला ४ ने पूर्ण भाग जात नसल्याने प्रत्येक हात वेगळ्या कोनात बसतो आणि चूक २° च्या आसपास आणता येते. उरलेली ट्रिमने (रिमोटवरच्या बारीक दुरुस्तीने) काढा.

३. हॉर्नचा मधला स्क्रू घट्ट करा, पण तो सर्व्होसोबत आलेलाच वापरा. लांब स्क्रू आत जाऊन गिअर दाबतो.

४. बेअरिंगच्या बाजूचा एम३ नायलॉक नट पाळणा बाजूला हलणार नाही इतपतच आवळा. वीज बंद ठेवून, हॉर्न काढून, पाळणा बोटाने फिरवा. तो स्वतःच्या वजनाने सहज डुलला पाहिजे. मधे कुठे अडला तर आधी ते सोडवा, पुढे जाऊ नका.

५. प्लास्टिकजवळच्या स्क्रूंना थ्रेडलॉकर (आटे पक्के करणारा चिकट द्रव) लावू नका. ते एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला तडे पाडतं. तिथे नायलॉक नट वापरा. थ्रेडलॉकर धातू-धातूच्या जागी.

६. केबल अक्षाच्या जितकी जवळून नेता येईल तितकी न्या आणि फिरत्या सांध्यावर ३० ते ४० मिमीचा सैल वळसा ठेवा. दोन्ही टोकांना वायर चौकटीला बांधा, म्हणजे ताण कनेक्टरवर येणार नाही. ताठ केबल ही स्वतःच एक स्प्रिंग असते. हलक्या कॅमेऱ्याला ती सहज २–३ अंश ढकलते.

डिजिटल कॅमेऱ्याची बारीक केबल विशेष नाजूक असते, त्यामुळे पॅन दोन्ही बाजूंना ६०° पर्यंतच ठेवा. गोल-गोल फिरणाऱ्या माउंटसाठी स्लिप रिंग मिळते, पण साधी स्लिप रिंग वीज आणि सर्व्होचा सिग्नल नेते, डिजिटल कॅमेऱ्याचा वेगवान डेटा नाही.

वीज

घरगुती माउंटच्या तक्रारींपैकी मोठा भाग इथे जन्मतो. लहान सर्व्हो फिरताना १०० ते २५० मिलिअँपिअर घेतो, पण अडकला की ६५० ते ७०० पर्यंत जातो. दोन सर्व्हो एकदम अडले तर दीड अँपिअरच्या जवळ. फ्लाइट कंट्रोलरच्या (ड्रोन सांभाळणाऱ्या मुख्य बोर्डाच्या) ५ व्होल्टवर रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर, जीपीएस आणि बऱ्याचदा कॅमेराही चालत असतो. तिथूनच सर्व्हो चालवले तर एखाद्या झटक्यात व्होल्टेज खाली येतं आणि रिसीव्हर पुन्हा सुरू होतो. जमिनीवर ही गंमत वाटते, हवेत ड्रोन जातो.

म्हणून सर्व्होंना बॅटरीवरून वेगळा ५ व्होल्टचा बेक द्या. दोन सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्टची असते. साध्या सर्व्होला ती थेट लावली तर तो जळतो. बेकचा ऋण टोक आणि फ्लाइट कंट्रोलरचा ऋण टोक एकत्र जोडलेले असायलाच हवेत, नाहीतर सिग्नलला संदर्भ राहत नाही आणि सर्व्हो वेड्यासारखा नाचतो. बेकची धन वायर मात्र फ्लाइट कंट्रोलरच्या ५ व्होल्टला जोडू नका. तपकिरी किंवा काळी वायर ऋण, लाल धन, नारिंगी, पिवळी किंवा पांढरी सिग्नलची.

कपॅसिटर सर्व्होच्या कनेक्टरपासून ३ ते ५ सेंमीच्या आत, धन आणि ऋणाच्या मधे. टोकं उलटी लागली तर तो फुटतो. सिग्नलची वायर मोटरच्या आणि ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) जाड वायरींपासून दूर न्या. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. अ‍ॅनालॉग चित्रात सर्व्हो हलताना रेघा येत असतील तर बेकच्या बाहेर पडणाऱ्या वायरी फेराइट रिंगमधून दोन-तीन वेढे देऊन न्या.

फ्लाइट कंट्रोलर आणि रिमोट

साध्या सर्व्होला ५० हर्ट्झचा सिग्नल लागतो. अ‍ॅनालॉग सर्व्होला याहून बराच वेगवान दिला तर तो तापून मरतो. अडचण अशी की फ्लाइट कंट्रोलरचे आउटपुट टायमरच्या गटांत बांधलेले असतात आणि एकाच गटात मोटरचा डीशॉट (डिजिटल सिग्नल) आणि सर्व्होचा सिग्नल एकत्र नांदत नाहीत. मोकळ्या गटातला पॅड (वायर डाखायची जागा) शोधा. एलईडी पट्टीचा पॅड बऱ्याच बोर्डांवर यासाठी वापरता येतो.

फ्लाइट कंट्रोलरवर आर्डुपायलट हे सॉफ्टवेअर असेल तर पहिल्या माउंटचा प्रकार १, म्हणजे सर्व्हो, असा ठेवून बोर्ड पुन्हा सुरू करा. मग त्या त्या आउटपुटच्या सर्व्हो-फंक्शनमध्ये टिल्टसाठी ७ आणि पॅनसाठी ६ लिहा. रिमोटच्या चॅनेलचा पर्याय टिल्टला २१३ आणि पॅनला २१४. बेटाफ्लाइट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्होचा भाग फर्मवेअर तयार करतानाच निवडावा लागतो, नाहीतर तो यादीत दिसतच नाही. त्यानंतर पॅडला सर्व्होचं काम नेमून द्यायचं आणि चॅनेल फॉरवर्डिंग (रिमोटचा चॅनेल थेट सर्व्होपर्यंत नेणं) चालू करायचं. हे सगळं नको असेल तर पीडब्ल्यूएम (सर्व्होचे ठोके देणारं) आउटपुट असलेल्या रिसीव्हरला सर्व्हो थेट जोडा. टिल्ट ड्रोनच्या झुकण्यानुसार आपोआप सुधारणार नाही, पण पाच मिनिटांत काम होतं.

टोकाच्या मर्यादा ठरवताना १४०० ते १६०० मायक्रोसेकंदांपासून सुरुवात करा आणि दोन्हीकडे थोडं थोडं वाढवत जा. पाळणा चौकटीला टेकण्याआधी ३° वर थांबा. टेकलेल्या अवस्थेत सर्व्हो सतत अडलेला राहतो, आणि वर म्हटलेला ७०० मिलिअँपिअर तेव्हाच वाहतो.

टिल्ट स्विचवर नको, फिरत्या नॉबवर किंवा स्लायडरवर द्या. एजटीएक्स या रिमोटच्या सॉफ्टवेअरच्या मिक्समध्ये 'स्लो' ची सोय आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला २ सेकंद लागतील असं ठेवा. सर्व्हो स्वतः ६०° अंतर ०.१ सेकंदात कापतो, आणि त्या वेगाने फिरवलेलं चित्र कोणीच बघू शकत नाही. पॅनसाठी एक स्विच राखून ठेवा, जो कॅमेरा लगेच समोर आणेल. बाजूला बघत उडताना दिशेचा गोंधळ उडाला की हात आधी त्या स्विचकडे गेला पाहिजे. फेलसेफमध्येही (रिमोटचा संपर्क तुटल्यावर) कॅमेरा समोर, टिल्ट मधे.

कंप आणि डॅम्पर

चित्र जेलीसारखं लहरतं ते कॅमेऱ्याचा सेन्सर ओळीओळीने चित्र टिपतो म्हणून. मोटर १२,००० फेऱ्यांवर असेल तर कंप २०० हर्ट्झचा असतो, आणि एक फ्रेम टिपेपर्यंत तो अनेकदा येऊन जातो. पहिला उपाय माउंटमध्ये नाहीच: प्रोपेलर तोला, वाकलेला बदला, मोटरचं बेअरिंग ऐका. मग डॅम्पर.

डॅम्परचा मऊपणा डोळ्यांनी मोजता येतो. माउंट टांगल्यावर डॅम्पर किती मिलिमीटर ताणले गेले ते व्हर्नियरने बघा. १ मिमी ताणले असतील तर माउंटची स्वतःची वारंवारता साधारण १६ हर्ट्झ, ०.३ मिमी असेल तर सुमारे २९ हर्ट्झ. २० ते ४० हर्ट्झ हा पल्ला चांगला. ३० हर्ट्झवर बसलेल्या माउंटपर्यंत २०० हर्ट्झचा कंप कागदोपत्री दोन-तीन टक्केच पोचतो; रबराच्या स्वतःच्या घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त. १० हर्ट्झच्या आसपास इतके मऊ डॅम्पर घेतले तर माउंट लोलकासारखा झुलतो, आणि ते झुलणं जायरोला (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरला) दिसून ड्रोनच डगमगू लागतो. डॅम्पर वजनाच्या क्षमतेनुसार विकले जातात: ११० ग्रॅमचा माउंट चार बॉलवर असेल तर प्रत्येकावर २७ ग्रॅम येतात. १०० ग्रॅमसाठीचे बॉल तिथे दगडासारखे वागतात.

चारही डॅम्पर माउंटच्या गुरुत्वमध्याच्या पातळीजवळ आणि एकमेकांपासून लांब ठेवा, ४० मिमीहून जास्त अंतर बरं. झिप टाय सैल, फक्त निसटला तर पकडायला.

फक्त टिल्टचा, १०–१५ ग्रॅमचा एफपीव्ही (उडवणाऱ्याला थेट चित्र दाखवणारा) कॅमेरा असेल तर डॅम्पर लावूच नका. इतक्या हलक्या वजनाला पुरेल असा मऊ डॅम्पर मिळणं अवघड असतं. जायरोफ्लोसारख्या प्रणालीने नंतर चित्र स्थिर करायचं असेल तर जायरोची नोंद कॅमेऱ्याच्या आतलीच हवी. फ्लाइट कंट्रोलरची नोंद चालणार नाही, कारण कॅमेरा चौकटीच्या तुलनेत फिरतो आहे.

तपासणी आणि उड्डाण

आधी ड्रोनचा तोल. ६० ग्रॅमचा माउंट मध्यापासून ९० मिमी पुढे बसवला असेल तर २०० ग्रॅमची बॅटरी २७ मिमी मागे सरकवावी लागते. हे टाळलं तर पुढच्या दोन मोटरी जास्त तापतात.

प्रोपेलर काढून, वीज चालू ठेवून माउंट दोन मिनिटं टोकापासून टोकापर्यंत फिरवत राहा आणि मग सर्व्होला बोट लावा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर कुठेतरी अडतं आहे. ड्रोन हातात धरून चारही बाजूंना झुकवा, जोरात हलवा; केबल कुठे घासते, वळसा प्रोपेलरच्या रेषेत येतो का ते बघा. मग प्रोपेलर लावून २ मीटर उंचीवर एक मिनिट स्थिर उडवा, उतरवा, सगळे स्क्रू हाताने तपासा, आणि रेकॉर्डिंग मोठ्या पडद्यावर बघा.

कॅमेरा थांबलेला असतानाही सर्व्हो बारीक थरथरत असेल तर आधी ऋण टोकाची जोडणी तपासा, मग व्होल्टेज, मग सिग्नलची वायर. सर्व्हो बदलणं सर्वात शेवटी. थ्रॉटल वाढवल्यावरच थरथर सुरू होत असेल तर दोष बहुधा ईएससीजवळून जाणाऱ्या वायरीचा. चित्र फक्त एका ठरावीक थ्रॉटलला लहरत असेल तर ते अनुनादाचं लक्षण: बॉल बदला किंवा माउंटवर १० ग्रॅम वजन चिकटवून बघा, लहर दुसऱ्या थ्रॉटलला सरकली की कारण पक्कं झालं. कॅमेरा सांगितलेल्या कोनाला पोचतो पण वेगाने पुढे उडताना खाली किंवा वर सरकतो, तर वाऱ्याचा दाब अक्षाच्या एका बाजूला जास्त लागतो आहे. पाळण्याची पुढची बाजू लहान करा किंवा रबर बँड दुसऱ्या बाजूला घ्या. आणि आपटल्यावर माउंट वरवर धड दिसला तरी हॉर्न काढून शाफ्ट हाताने सावकाश पूर्ण फिरवा: एका जागी 'कट' असं लागलं तर दाता गेला आहे, तो सर्व्हो पुन्हा हवेत नेऊ नका.